संवादफुग्याच्या अलीकडे आणि पलीकडे : काल्विनो, एको आणि बालपणीच्या चित्रकथा

लेखकाच्या जडणघडणीचा प्रश्न निघाला की आपल्याकडे उत्तराची वाट ठरलेली असते. घरातली पोथी, आजीच्या तोंडच्या कहाण्या, गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचे कपाट, साने गुरुजी, मग हरिभाऊ आणि खांडेकर, आणि महाविद्यालयात गेल्यावर मर्ढेकर. आत्मचरित्रे, मुलाखती, सत्काराची भाषणे, सगळीकडे याच क्रमाने नावे येतात. ही माणसे खोटे बोलतात असे मुळीच नाही. पण आठवणींमध्ये सांगण्याजोग्या आणि न सांगण्याजोग्या अशी एक निवड आधीच झालेली असते, आणि त्या निवडीत चित्रकथा सहसा गळून पडते. कॉमिक्स हा वाचनाचा अनुभव म्हणून मोजलाच जात नाही. वाचन सुरू होण्यापूर्वीची ती एक खोड होती, मोठे झाल्यावर सुटली, असे आपण धरून चालतो.

एम.ए.च्या वर्गात ‘लेखकाचे पूर्वसंस्कार’ हा भाग शिकवताना मी स्वतःही बरीच वर्षे तीच यादी सांगत आलो. वास्तविक माझे स्वतःचे खरे पहिले वाचन बसस्थानकाजवळच्या रद्दीच्या दुकानातले आहे. इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक तिथे सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यांत मिळत. शेवटची पाने हमखास गायब असत, त्यामुळे वेताळाच्या कितीतरी गोष्टींचा शेवट मी स्वतःच ठरवलेला आहे. सातवीत असताना दप्तरात असा एक अंक सापडला म्हणून वडिलांना शाळेत बोलावून घेण्यात आले. मुलाची भाषा बरी आहे, ती या फुग्यांतल्या तुटक वाक्यांनी बिघडेल, असे गुरुजींचे म्हणणे होते. वडिलांनी ते मान्य केले आणि गठ्ठा परत रद्दीत गेला. पुढे मी मराठीचा प्राध्यापक झालो, तेव्हा भाषा फारशी बिघडली नसावी. पण गुरुजींचा प्रश्न मात्र खरा होता. चित्रांच्या चौकटी वाचून मुलाच्या भाषेचे, त्याच्या कल्पनाशक्तीचे नेमके काय होते?

या प्रश्नाला दोन इटालियन लेखकांनी आपापल्या आयुष्यातून उत्तर दिले आहे. एक इटालो काल्विनो, जन्म १९२३. दुसरे उम्बेर्तो एको, जन्म १९३२. दोघांत अंतर अवघ्या नऊ वर्षांचे. परंतु या नऊ वर्षांत इटलीतल्या चित्रकथेचे रूप बदलले, तिच्याभोवतीचे राजकारण बदलले, आणि माझ्या मते त्यामुळेच या दोघांच्या लेखनातले चित्र आणि शब्द यांचे नातेही निराळे झाले. हे विधान सिद्ध करता येण्यासारखे नाही याची मला कल्पना आहे. तरी पुरावा तपासून पाहण्यासारखा आहे.

सुरुवात १९०८ पासून करावी लागते. त्या वर्षीच्या डिसेंबरात मिलानच्या ‘कोरिएरे देल्ला सेरा’ या दैनिकाने मुलांसाठी ‘कोरिएरे देई पिक्कोली’ ही साप्ताहिक पुरवणी सुरू केली. अमेरिकन वृत्तपत्रांत त्या काळी चित्रमालिकांचा सुकाळ होता. त्यांतल्या लोकप्रिय मालिका या पुरवणीने घेतल्या, पण जशाच्या तशा नव्हेत. पात्रांच्या तोंडातून निघणारे संवादफुगे पुसून टाकले आणि प्रत्येक चौकटीखाली यमकांत बांधलेल्या दोन-चार ओळी छापल्या. फुगा हा प्रकार असंस्कृत, पद्य मात्र वळण लावणारे, असा त्यामागचा सुशिक्षित मध्यमवर्गीय समज होता. (आमच्या गुरुजींना ही पुरवणी फार आवडली असती.) पात्रांची नावेही बदलली. ‘हॅपी हूलिगन’ तिथे ‘फोर्तुनेल्लो’ झाला, कात्झेनयामर बंधू ‘बिबी आणि बिबो’ झाले, मॅगी आणि जिग्ज हे नवराबायको ‘पेत्रोनिल्ला’ आणि ‘आर्किबाल्दो’ झाले, आणि फेलिक्स मांजर ‘मिओ माओ’. १९१७ मध्ये सेर्जो तोफानो यांचा ‘सिन्योर बोनाव्हेंतुरा’ अवतरला. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी त्याच्या हाती दहा लाख लिऱ्यांची नोट पडे. त्याच्याही चौकटींखाली पद्यच.

काल्विनोंच्या आईने ही पुरवणी मुलाच्या जन्मापूर्वीपासून विकत घ्यायला आणि जपायला सुरुवात केली होती. वर्षावर्षाचे अंक त्या बांधून घेत. आई आणि वडील दोघेही वनस्पतिशास्त्राच्या क्षेत्रातले. काल्विनोंचा जन्म क्यूबातला, पण बालपण सान रेमोतले. नमुने गोळा करून नीट लावून ठेवण्याची सवय त्या घरात असणारच. त्यामुळे अक्षरओळख होण्यापूर्वी या मुलासमोर बांधीव खंडांची एक रांग होती आणि तो तासन्‌तास ती चाळत असे. हार्वर्ड विद्यापीठातल्या १९८५-८६ च्या व्याख्यानमालेसाठी त्यांनी जी टिपणे लिहिली, त्यांतल्या ‘दृश्यमानता’ या व्याख्यानात हा सगळा तपशील येतो. ती व्याख्याने द्यायला ते जाऊ शकले नाहीत. सप्टेंबर १९८५ मध्ये त्यांचे निधन झाले. योजलेल्या सहांपैकी पाच लिहून झाली होती, ती १९८८ मध्ये ग्रंथरूपाने आली.

त्या व्याख्यानातल्या कबुल्या मोठ्या मनोरंजक आहेत. वाचता येत नसल्यामुळे त्यांना ओळींची गरजच नव्हती. एकाच चित्रमालिकेवरून ते निरनिराळ्या गोष्टी मनाशी रचत. प्रसंगांची अदलाबदल करत, एका मालिकेतले पात्र दुसरीत नेत, गौण पात्राला नायक करत. पुढे वाचता येऊ लागले, पण त्याने विशेष लाभ झाला नाही. कारण ती यमके जुळवणाऱ्यासमोर मूळ अमेरिकन फुगे नसावेत, किंवा असले तरी ते त्याला कळत नसावेत, असे त्यांना वाटे. तोही बिचारा चित्र पाहून अंदाजानेच लिहीत असावा. मग त्याच्या अंदाजापेक्षा आपला बरा, असे मानून हा मुलगा ओळी सोडून पुन्हा चित्रांकडे वळे.

हा प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो तो एवढ्यासाठी, की इथे शब्द हा चित्राचा मालक नाही. तो चित्राचा एक भाष्यकार आहे, आणि चुकू शकणारा भाष्यकार आहे. पाच-सहा वर्षांच्या वयात एखाद्याला हे उमगले, की छापील ओळ हे चित्राचे एकमेव आणि अंतिम वाचन नव्हे, तर त्याच्या पुढच्या लेखनात त्याचे पडसाद उमटणारच. आपल्याकडे ‘चांदोबा’तही चित्र वेगळ्या चौकटीत आणि मजकूर वेगळा असे. पण तिथे मजकूर आधी आणि चित्र त्याच्या सेवेला, असा प्रकार होता. ‘कोरिएरे देई पिक्कोली’त फुगे पुसण्याच्या सोवळेपणातून नकळत उलटी रचना घडली. मुलांना भाषेचे वळण लागावे म्हणून जो फुगा काढून टाकला, त्याच्या रिकाम्या जागेत एक लेखक बसला.

काल्विनो एका विशिष्ट चौकटीचा उल्लेख करतात. पूर्ण चंद्र, काळे आकाश, दूरवर हरवत जाणारा रस्ता आणि त्यावरून चाललेली काळ्या मांजराची आकृती. एवढ्याशा चौकटीत एवढा अवकाश मावतो हे त्यांनी तिथे पाहिले आणि ते आपल्यासाठी कायमचा आदर्श ठरले, असे ते सांगतात. या चित्राचे श्रेय ते पॅट सलिव्हन यांना देतात. त्या मालिकेवर सही सलिव्हन यांचीच असे, पण फेलिक्सचे प्रत्यक्ष रेखाटन प्रामुख्याने त्यांच्या स्टुडिओतल्या ऑटो मेस्मर यांचे, ही गोष्ट आता सर्वमान्य आहे. म्हणजे काल्विनोंचा एक वाङ्मयीन गुरू असा निनावी निघतो. गुरुपरंपरेच्या आपल्या याद्यांमध्ये अशा निनावी माणसांसाठी रकाना नसतो.

हे संस्कार त्यांच्या लेखनात कुठे दिसतात? सर्वांत उघड खूण म्हणजे त्यांच्या कादंबऱ्यांच्या जन्माची हकीगत. ‘दुभंगलेला व्हायकाउंट’ (१९५२), ‘झाडांवरचा बॅरन’ (१९५७) आणि ‘अस्तित्वात नसलेला सरदार’ (१९५९) या तिन्ही कथांची सुरुवात विचारातून किंवा कथासूत्रातून झाली नाही, एकेका चित्रातून झाली असे ते सांगतात. उभा चिरलेला माणूस, ज्याची दोन्ही अर्धी अंगे वेगवेगळी जगतात. झाडावर चढून एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर जाणारा, खाली न उतरणारा मुलगा. आत कोणी नसताना चालणारे-बोलणारे चिलखत. हे शब्दशः चौकटीतले देखावे आहेत. त्यांना मानसशास्त्र नाही, बाह्यरेषा आहे. काल्विनोंच्या पात्रांना खोली नाही अशी तक्रार समीक्षक अधूनमधून करतात. मला वाटते, ती तक्रार काळ्या आकृतीत नाकडोळे दिसत नाहीत अशा स्वरूपाची आहे. ज्या रेषेने ते पात्र उभे केले तिची ती मर्यादाही आहे आणि ताकदही.

दुसरी खूण म्हणजे ‘एकमेकांना छेदणाऱ्या नशिबांचा किल्ला’ (१९७३). त्यात मुके झालेले प्रवासी टॅरोचे पत्ते मांडून आपापली हकीगत सांगतात, आणि निवेदक त्या चित्रांचा अर्थ लावत जातो. एकच पत्ता दोन कथांमध्ये दोन वेगळे अर्थ घेऊन येतो. लहानपणी ओळी वगळून चित्रमालिका वाचण्याचा जो खेळ केला, तोच पन्नाशीत आपण पत्त्यांवर केला, हे काल्विनो स्वतःच नोंदवतात. ‘कॉस्मिकॉमिक्स’ (१९६५) या संग्रहाच्या नावातच कॉमिक्स आहे. त्याच्या पूर्वसूरींत त्यांनी लेओपार्दी, बेकेट आणि जोर्दानो ब्रुनो यांच्या पंगतीला पॉपाय या पालकखाऊ खलाशाला बसवले आहे. पुढच्या संग्रहातली पक्ष्यांच्या उत्पत्तीवरची कथा तर ते सांगतही नाहीत. वाचकानेच चौकटी कल्पाव्यात, अमुक चौकटीत अमुक काढावे, असे सुचवत जातात. आमच्या वर्गात ही कथा वाचली तेव्हा विद्यार्थ्यांनी खरोखरच फळ्यावर चौकटी आखल्या. तासाची शिस्त बिघडली, पण कथेत निवेदक काय करतो ते समजावून सांगावे लागले नाही.

मात्र काल्विनोंनी याची किंमतही सांगितली आहे आणि ती वगळून चालणार नाही. चित्रांच्या या सवयीमुळे लिखित शब्दावर लक्ष एकाग्र करण्याची क्षमता आपल्यात उशिरा आली, ती प्रयत्नाने कमवावी लागली, असे ते म्हणतात. आमच्या गुरुजींना इथे निदान अर्धे गुण द्यावे लागतील. शिवाय त्याच व्याख्यानात तयार प्रतिमांचा पूर लोटलेल्या काळात डोळे मिटून चित्र पाहण्याची शक्ती टिकेल काय, ही चिंताही आहे. त्या शक्तीच्या परंपरेत ते इग्नेशियस लोयोलाच्या साधनापद्धतीपर्यंत जातात, ज्यात साधकाने प्रसंगाचे स्थळ मनात उभे करायचे असते. मानसपूजेची परंपरा माहीत असलेल्या मराठी वाचकाला हे अपरिचित वाटू नये. डोळे मिटून पाहण्याची सवय लावणारे चित्र आणि ती सवय मोडणारे चित्र, यांत फरक आहे असे काल्विनोंना वाटते. तो फरक नेमका कुठे, हे ते सांगत नाहीत. मुक्या चौकटी आणि त्यांच्यामधल्या रिकाम्या जागा हे त्यांच्या बाबतीतले उत्तर असावे.

आता एकोंकडे वळू. काल्विनो अकरा वर्षांचे असताना, म्हणजे १९३४ च्या ऑक्टोबरात, फ्लॉरेन्सच्या नेर्बिनी या प्रकाशकाने ‘लाव्हेंतुरोझो’ हे साप्ताहिक काढले आणि पहिल्याच पानावर फ्लॅश गॉर्डन आणला, संवादफुग्यांसकट. त्याआधी १९३२ च्या शेवटच्या दिवशी याच प्रकाशकाने ‘तोपोलिनो’ म्हणजे मिकी माउसचे साप्ताहिक सुरू केले होते. पाठोपाठ मांड्रेक आला, मग वेताळ आला. इटलीत त्याचे नाव ‘मुखवट्यातला माणूस’, आणि त्याचा पोशाख लालभडक. आपल्याकडच्या जांभळ्या वेताळाची सवय असलेल्याला ती पाने पाहून चुकल्यासारखे होते. पण माणूस तोच. ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्माण केलेला हा नायक एकोंच्या पिढीला लाल रंगात भेटला आणि १९६४ नंतर इंद्रजालमधून आपल्याला जांभळ्या रंगात. इंद्रजालने त्याच्या जंगलाच्या देशाचे नावही बदलून ‘डेंकाली’ केले, कारण मूळ नाव बंगालची आठवण करून देणारे होते. चित्रकथा देश ओलांडते तेव्हा तिच्यात कोणी ना कोणी हात घालतोच.

इटलीत मात्र हात घालणारे सरकार होते. नोव्हेंबर १९३८ मध्ये बोलोन्यात बालसाहित्याची एक राष्ट्रीय परिषद भरली. त्याच सुमारास ‘लोकसंस्कृती मंत्रालया’ने परदेशी चित्रकथा काढून टाकण्याचे आदेश दिले. डिस्नेच्या पात्रांना तेवढी सवलत मिळाली, तीही १९४२ च्या सुरुवातीपर्यंत. जागा भरायला देशी नायक होतेच. कॅथलिक साप्ताहिक ‘इल व्हित्तोरिओझो’मध्ये रोमानो नावाचा सैनिक, आणि ठोसे मारणारा डिक फुल्मिने. शाळेत काळा सदरा, घरी जुन्या अंकांतला फ्लॅश गॉर्डन, असे ते बालपण. एको दहा वर्षांचे असताना, १९४२ मध्ये, एका सक्तीच्या निबंधस्पर्धेत त्यांना पारितोषिक मिळाले. मुसोलिनीच्या गौरवासाठी आणि इटलीच्या अमर भवितव्यासाठी आपण मरावे काय, असा विषय होता. त्यांचे उत्तर अर्थातच होकारार्थी होते. फॅसिझमवरच्या १९९५ च्या प्रसिद्ध व्याख्यानाची सुरुवात त्यांनी याच आठवणीने केली आहे, आणि आपण चलाख मुलगा होतो अशी टिप्पणीही जोडली आहे.

त्याच व्याख्यानात एप्रिल १९४५ ची आठवण येते. गाव मुक्त झाले, अमेरिकन सैन्य आले. त्यांतल्या जोसेफ नावाच्या एका कृष्णवर्णीय सैनिकाने तेरा वर्षांच्या एकोंना डिक ट्रेसी आणि लिल अ‍ॅबनर यांची ओळख करून दिली. ते अंक रंगीत होते आणि त्यांना छान वास येत होता. हा वास माझ्या मते साहित्याच्या इतिहासात नोंदवला पाहिजे. ज्या मुलाने हुकूमशहासाठी मरण्याचा निबंध लिहिला, त्याच्यापर्यंत स्वातंत्र्य पहिल्यांदा पोचले ते कोरी शाई आणि च्युइंगमच्या रूपात. जाहीरनामे त्याने मागाहून वाचले.

एकोंच्या घरच्या वाचनाची आणखी एक बाजू आहे. त्यांचे आजोबा छपाईच्या धंद्यातले, निवृत्तीनंतर ते पुस्तकबांधणी करत. त्यांच्या मृत्यूनंतर बांधणीला आलेली आणि कोणी परत न नेलेली पुस्तके एका मोठ्या पेटीत तळघरात राहिली. त्यात डार्विनही होता आणि सचित्र साहसकथाही. लहानपणी एको स्वतःही ‘कादंबऱ्या’ लिहीत. आधी मुखपृष्ठ, मग सगळी चित्रे, आणि शेवटी पहिले प्रकरण, तेही छापल्यासारख्या सुट्या अक्षरांत. तेवढ्यात दमून सोडून देत. इथे काल्विनोंशी असलेला फरक चटकन दिसतो. काल्विनोंना चित्रातून गोष्ट दिसत होती. एकोंना पुस्तक ही वस्तू दिसत होती : तिचे शीर्षक, तिची मांडणी, तिचे छापीलपण. एक चौकटीच्या आत शिरला, दुसरा कागद उलटून पाहू लागला.

फुग्याने हे केले असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, स्वभावाचाही भाग आहेच. पण फुग्यासह छापलेली चौकट ही मूलतः निराळी वस्तू आहे. तिच्यात अक्षर हेही चित्र असते. ढगासारखा फुगा म्हणजे मनातला विचार, दातेरी फुगा म्हणजे ओरडणे, हे सर्व शिकावे लागते. शिकलो आहोत हे विसरायला झाले तरी ती एक संकेतव्यवस्थाच असते. चिन्हमीमांसेचा पुढचा आचार्य या शाळेत बसला होता. १९६४ मध्ये त्यांचे ‘प्रलयवादी आणि समावेशित’ हे पुस्तक आले, तेव्हा त्यात मिल्टन कॅनिफ यांच्या ‘स्टीव्ह कॅन्यन’च्या पहिल्या पानाचे चौकटीगणिक वाचन होते. एखाद्या जुन्या टीकाकाराने श्लोकाचा अन्वय लावावा, तसे. त्याच पुस्तकात सुपरमॅनवरचा निबंध आहे. सुपरमॅन काळात पुढे सरकू शकत नाही, कारण केलेली प्रत्येक कृती त्याला मृत्यूकडे नेईल, म्हणून त्याचे लग्न होऊ शकत नाही आणि प्रत्येक गोष्ट जणू आधीचे काही घडलेच नाही अशी सुरू होते, हे त्यांचे निरीक्षण. एवढी अफाट शक्ती असून तो बँका लुटणाऱ्यांना पकडत आणि धर्मादाय कामे करत का बसतो, जग का बदलत नाही, हाही प्रश्न त्यांनी विचारला. एप्रिल १९६५ मध्ये ‘लीनुस’ हे चित्रकथांचे मासिक निघाले, त्याच्या पहिल्या अंकात एलिओ व्हित्तोरिनी आणि ओरेस्ते देल बुओनो यांच्यासह एकोंचा चार्ली ब्राउनवरचा संवाद आहे. इटलीत चित्रकथेला पंक्तीत बसवण्याच्या इतिहासातला हा एक ठळक टप्पा.

पण लेखक म्हणून एको त्या अंकांकडे परतले ते ‘राणी लोआनाची गूढ ज्योत’ (२००४) या कादंबरीत. मिलानमधला, साठीच्या घरातला जुन्या पुस्तकांचा एक व्यापारी, याम्बो, १९९१ मध्ये एका आजारानंतर शुद्धीवर येतो. वाचलेले सगळे त्याला आठवते, जगलेले काही आठवत नाही. आपले नावही नाही. मग तो आजोळच्या घरी माळ्यावर जातो आणि लहानपणीची पाठ्यपुस्तके, तबकड्या, वर्तमानपत्रे आणि चित्रकथा यांवरून आपण कोण असू याचा शोध घेतो. कादंबरीत ती पाने रंगीत छापली आहेत. शाळेतल्या वह्यांत दुचेचा जयजयकार आणि शेजारीच मोंगो ग्रहावरच्या मिंग या जुलमी सम्राटाविरुद्ध लढणारा गॉर्डन, हे दोन्ही एकाच मुलाने एकाच वेळी कसे वाचले असेल, हे याम्बोला कळत नाही. मिंगला धिक्कारणाऱ्या मुलाला मिंग ओळखीचा वाटला होता काय? कादंबरी याचे छातीठोक उत्तर देत नाही, आणि ते योग्यच आहे. चित्रकथा वाचून मुले लोकशाहीवादी होतात असा निष्कर्ष कोणी काढला तर त्याला ‘सिनो आणि फ्रांको’ वाचायला द्यावी. मूळ लायमन यंग यांची ‘टिम टायलर’. आफ्रिकेत गोऱ्या पोरांनी गस्त घालावी आणि काळ्या लोकांनी त्यांचे ऐकावे. इटलीचे सैन्य ऑक्टोबर १९३५ मध्ये इथिओपियात शिरले, तेव्हा इटालियन मुले हेही वाचत होती. आपला वेताळ तरी दुसरे काय करतो? कवटीच्या सिंहासनावर बसलेला गोरा माणूस पिढ्यानपिढ्या जंगलाला न्याय देतो, आणि आम्ही तालुक्याच्या गावातली सावळी पोरे त्याच्या बाजूने. हे मला एम.ए.ला गेल्यावर खटकले. रद्दीच्या दुकानात खटकले नव्हते.

कादंबरीचे शीर्षक याच सिनो आणि फ्रांकोच्या १९३५ च्या एका अंकाचे आहे, आणि माझ्या मते एकोंनी त्या अंकाचे जे केले आहे त्यात या सगळ्या विषयाचे मर्म आहे. आजारातून उठल्यापासून काही विशिष्ट शब्दांनी याम्बोच्या आत काहीतरी चमकून विझते. त्या चमकण्याला तो ‘गूढ ज्योत’ म्हणतो, हे शब्द कुठून आले ते ठाऊक नसताना. मग माळ्यावर तो अंक सापडतो. तो आतुरतेने वाचतो, आणि गोष्ट अगदीच टुकार निघते. दीर्घायुष्य देणारी एक ज्योत राखणारी एक राणी, रायडर हॅगर्डच्या ‘शी’वरून उघडउघड उचललेली, ढिसाळ रचलेली आणि तितक्याच ढिसाळ इटालियनमध्ये उतरवलेली. मुलाने गोष्ट केव्हाच टाकून दिली होती आणि दोन शब्द ठेवले होते. आयुष्यभर त्याने त्या दोन शब्दांत जे भरले ते अंकात कुठेच नव्हते.

आपण अभिजात कृतींच्या प्रभावाचा अभ्यास करतो तेव्हा एक गृहीत धरतो : प्रभाव टाकणाऱ्या कृतीत गुण असतात आणि ते खाली झिरपतात. ‘प्रभाव’ या शब्दाचा आपला सगळा व्यवहार याच उतारावर चालतो. लोआनाच्या बाबतीत वर काहीच नव्हते. काल्विनोंच्या बाबतीत वर एक सुंदर चौकट होती आणि तिच्याखाली वाईट पद्य होते. दोन्ही ठिकाणी मुलाने स्वतः काय केले हे पाहावे लागते, आणि प्रबंधांत आपण नेमके तेच पाहत नाही, कारण त्याचा दाखला मिळत नाही. जो मिळतो तोही उशिराचा. काल्विनो साठीत लिहीत आहेत, एको बहात्तराव्या वर्षी, आणि दोघेही आपापले सिद्धान्त पक्के झाल्यानंतर. ‘चित्र आधी, शब्द नंतर’ असे मानणाऱ्या लेखकाला आपले बालपणही तसेच आठवावे, हे संशयास्पद नाही काय? एकोंना ही शंका होती असे दिसते. म्हणून तर त्यांनी आत्मचरित्र लिहिले नाही, स्मृती गमावलेला माणूस उभा केला आणि त्याच्या हाती फक्त कागद दिले. शेवटी बेशुद्धीत याम्बोला शाळेच्या पायऱ्यांवरून उतरणारी चित्रकथांतल्या पात्रांची झगमगती मिरवणूक दिसते. ज्या मुलीचा चेहरा पाहण्यासाठी तो सगळा खटाटोप चालला आहे, तो मात्र दिसत नाही.

हे सर्व वर्गात शिकवून झाल्यावर गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी इंद्रजालचा एक जुना मराठी अंक मिळवला. १९९० मध्ये ही माला बंद झाली, त्यामुळे आता संग्राहकांकडूनच मिळतात, आणि रद्दीच्या भावात मुळीच नाही. मला त्यातली एक चौकट चाळीस वर्षे आठवत होती. पावसात घोड्यावर बसलेला वेताळ, मागे धबधबा, आणि काठावर एकटीच उभी असलेली एक म्हातारी. अंक तोच होता, मुखपृष्ठ तेच, धबधबाही होता. पाऊस नव्हता, आणि म्हातारी कुठेच नव्हती. शेवटची पाने या प्रतीत शाबूत होती. गोष्टीचा खरा शेवट मी ठरवलेल्या शेवटापेक्षा बराच साधा निघाला. अंक दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने वाचायला मागून नेला आहे. अजून परत आलेला नाही.